लुएनच्या कुपीतली चिठ्ठी

“ही चिठ्ठी बनावट आहे,” गावकचेरीचे अध्यक्ष फुंग म्हणाले आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यांनी ती चहाच्या कपाखाली सरकवली.

थाचने बोटांवर मोजलं. चार दिवसांतली ही पाचवी खेप. आधी शिक्का मारणारा रजेवर, मग साहेब बैठकीला, मग साहेब जेवायला. आणि आता हे.

बाहेर भात वाळवायच्या खळ्यावर, ताडपत्रीच्या मांडवाखाली लाल कापडात गुंडाळलेली पेटी होती. तिच्यात लुएनची हाडं होती; चिठ्ठी त्याच हाडांसोबतच्या काचेच्या कुपीत सापडली होती. १९७२ साली दक्षिणेत, क्वांग ट्रीच्या लढाईत तो पडला. आता, बावीस वर्षांनी, त्याचा धाकटा भाऊ बाक याने तिकडच्या सैनिकी दफनभूमीतून रीतसर परवान्याने त्याला गावी आणलं होतं. गावाबाहेर मेलेल्याला घरात न्यायचं नाही हा रिवाज, आणि कचेरीच्या सहीशिवाय गावच्या दफनभूमीतही नाही. म्हणून पेटी खळ्यावर. चौऱ्याऐंशी वर्षांची आई सकाळी तिच्याशेजारी येऊन बसायची, ती दिवस मावळल्यावरच उठायची.

बाकने क्वेबाईंना बोलावलं ते यासाठीच. युद्धात त्या इस्पितळात मृतांची वही ठेवत. आता हरवलेल्या सैनिकांचा माग काढून देत. थाच त्यांचा शेजारी, जुना ट्रकवाला. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा, पण माणसांच्या बाबतीत दरवेळी फसायचा.

“कुपीवर माझा आक्षेप नाही,” फुंग म्हणाले. “पेनिसिलिनच्या कुपीत नाव घालून पुरायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रांत वाचा. इथे ‘हा नाम निन्ह’ लिहिलंय. बहात्तर साली आपल्या प्रांताचं नाव ‘नाम हा’ होतं. प्रांत एकत्र केले ते युद्ध संपल्यावर. मग मेलेल्याच्या कुपीत ते नाव आलं कुठून? त्या नवव्या रांगेतून कुणाचीही हाडं उचलून आणायची आणि आम्ही सही करायची? सत्तावीस जुलैच्या शहीद दिनाच्या समारंभाची यादी मी आठवड्याने बंद करणार.”

बाकचा परवाना त्यांच्यासमोर उघडाच होता. रांग चौथी, थडगं एकतीस. साहेबांनी कागदसुद्धा धड वाचलेला नाही, थाच मनात चरफडला. पण प्रांताचा मुद्दा बिनतोड होता. त्याला बाकचाच संशय येऊ लागला.

क्वेबाईंनी कपाखालून चिठ्ठी काढून उलटी केली. मागे फिकट छापील चौकोन होते.

“हे ओळखता, थाचभाऊ?”

“तांदळाचं कूपन. यासाठी पहाटे रांगेत वीट ठेवून जागा धरायचो. बंद होऊनही पाच वर्षं झाली.”

 बाईंनी ती चिठ्ठी फुंगांकडून मागून घेतली.

मांडवात त्यांनी आधी बाकला विचारलं. तो शाळामास्तर, लिहिण्यात तरबेज. त्याने मान खाली घातली. आईचे दिवस संपत आले आहेत, तिच्या समाधानासाठी कुठलीही माती आणून लुएनची म्हणावी, असं एकदा मनात आलं होतं, हे त्याने कबूल केलं. पण तसं केलं नाही, असंही सांगितलं. थाचला ते पटलं नाही.

मग लुएनचा साथीदार खिएम. त्यानेच लुएनला पुरलं होतं आणि कुठे पुरलं त्याचा नकाशा यंदा बाकला काढून दिला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून गेलेला.

“बावीस वर्षं मी या माउलीला तोंड दाखवलं नाही,” तो म्हणाला. “आता दाखवलं तर म्हणे चोर. ही चिठ्ठी माझी नाही, हे मीच सांगतो. मी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर लिहिलं होतं.”

“प्रांत काय लिहिला होता?”

“‘नाम हा’. आजही तेच लिहीन. तीन वर्षांपूर्वी परत तेच नाव दिलं ना सरकारने.”

थाचचं डोकं गरगरलं. लिहिणारा स्वतःच चिठ्ठी माझी नाही म्हणतो, मग उरलं काय? पण बाईंनी ट्रक काढायला सांगितला.

दक्षिणेला पोचायला दोन दिवस लागले. एकदा टायर फुटला, एकदा पुलासाठी सहा तास खोळंबा. दफनभूमीचा राखणदार, ओन आजोबा, गवत काढत बसला होता. युद्धानंतर दोन वर्षांनी, सत्त्याहत्तरपासून, त्याने रानातली विखुरलेली थडगी इथे गोळा केली होती. ज्यांचे पत्ते होते त्यांना पत्रं घातली. क्वचितच कुणी आलं. पंच्याऐंशीच्या वादळात टेकडी खचली, तेव्हा सगळी थडगी नव्याने बांधली आणि नंबर बदलले. त्याने दोन वह्या काढल्या, जुनी आणि नवी. बाईंनी दोन्हींतल्या लुएनच्या ओळीवर बोट ठेवलं. थाच अक्षराकडे बघत राहिला. तेच तिरकं, दाटीवाटीचं अक्षर चिठ्ठीवरही होतं.

बाईंनी दोन्ही ओळींची नक्कल शिक्क्यासह घेतली आणि लगेच ट्रक परत फिरवायला सांगितला.

कचेरीत या वेळी त्यांनी सगळ्यांना बसवलं. आईलाही आणलं.

“कॉम्रेड फुंग, चिठ्ठी बहात्तरची नाही, हे तुमचं खरं,” क्वेबाई म्हणाल्या. “पण ती आजचीही नाही. आज खोटी चिठ्ठी करणारा आजचं ‘नाम हा’च लिहील, आणि बहात्तरलाही तेच नाव होतं, म्हणजे तो पकडलाच जाणार नाही. ‘हा नाम निन्ह’ हे नाव पंचाहत्तर ते एक्क्याण्णव एवढंच टिकलं. शिवाय कागद तांदळाच्या कूपनाचा. त्या काळात ही हाडं एकाच माणसाच्या हातात होती. खिएमचा चंदेरी कागद विरत आला होता, म्हणून दफनभूमीचा राखणदार ओन याने तो मजकूर कूपनावर उतरवला. प्रांताचं नाव त्याने मुद्दाम नवं घातलं. टपाल पोचावं म्हणून.”

“तसं असेल तर ठीकच,” फुंग म्हणाले. “चूक झाली. मी सही करतो.”

“थांबा. तुम्ही त्या दिवशी नववी रांग म्हणालात.”

फुंगांचं पेन कागदावरच राहिलं.

“परवान्यावर चौथी आहे. थाचभाऊंना वाटलं तुम्ही वाचलं नाहीत. पण पंच्याऐंशीच्या आधी लुएन नवव्या रांगेत होता. हे फक्त जुन्या वहीत आहे, आणि ओनच्या पत्रांत. गावचं टपाल इथूनच वाटलं जातं, म्हणजे ती पत्रं या कचेरीत आली. चिठ्ठी खरी, पण नंतर लिहिलेली ठरली तर लिहिणाऱ्याचा शोध होणार, आणि तो सापडला की त्याची पत्रं. म्हणून तुम्ही चिठ्ठी बनावट ठरवलीत. आणि इतक्या वर्षांनी रांग आठवते, त्याअर्थी पत्रं तुम्ही पुन्हा वाचली आहेत. फेकलेली नाहीत.”

 मग फुंग उठले, कपाटाच्या तळातून तीन पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

“एकोणऐंशीत मी इथे साधा कारकून होतो,” ते म्हणाले. “पहिलं आलं तेव्हा म्हटलं, पुढच्या समारंभात मानाने देऊ. ते राहून गेलं. दुसरं आलं तेव्हा पहिलं का दिलं नाही, हे सांगायची लाज वाटली. तिसरं आलं तोवर काका, लुएनचे वडील, वारले होते.”

बाक ताडकन उठला. त्याचे वडील शेवटपर्यंत विचारत होते, पोरगं कुठे पडलंय ते तरी कळेल का. थाचने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. त्याच्या स्वतःच्याच मुठी वळल्या होत्या. पंधरा वर्षं. कट नाही, वैर नाही. नुसतं राहून गेलं. कुणाच्या थोबाडीत मारायची?

“पोरा, सही कर,” आई फुंगला म्हणाली. “बाकीचं तुझं तू बघ. थाच, तू ती पत्रं वाच मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लुएनला गावच्या मातीत ठेवलं. पण त्याआधी, तिथेच कचेरीत, थाचने तिन्ही पत्रं वाचली. दोन छोटी होती, नंबर आणि रस्ता सांगणारी. तिसऱ्यात ओनने लिहिलं होतं : ‘येणं जमत नसेल तर काळजी करू नये. मी गवत काढतो, उदबत्ती लावतो. माझाही मुलगा गेला आहे, तो कुठे आहे ते मला माहीत नाही. तिकडेही कुणी गवत काढत असेल असं धरून चालतो.’

थाचने पत्र आईपुढे धरलं. आईने पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“त्यांना लिही, पत्र पोचलं म्हणून,” ती म्हणाली. “आणि मुलाचं नाव विचार, पलटण विचार. कुठल्या साली गेला ते विचार.”

मग ती क्वेबाईंकडे वळली. “तुम्ही शोधाल ना?”

बाईंनी थाचकडे पाहिलं. थाच म्हणाला, “ट्रकला दोन नवे टायर घालावे लागतील.”