पाहुण्यांचं तोंड

डॉक्टरांच्या घरी मागच्या खोलीत अकरा वर्षं एक जपानी चिलखत बसून होतं. बसून म्हणजे खरोखरच बसून. स्वतःच्याच लाकडी पेटीवर ठाण मांडलेलं, हात मांड्यांवर, अंगावर निळ्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या लोखंडी पट्ट्या, डोक्यावर शिरस्त्राण. शिरस्त्राणाखाली मात्र काहीच नव्हतं. चेहऱ्याचा लोखंडी मुखवटा जिथे असायला हवा तिथे एक काळी पोकळी होती, आणि घरात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या पोकळीकडे बघायचा आणि मग डॉक्टरांकडे.

बायकोनं त्याचं नाव 'पाहुणे' ठेवलं होतं. "तोंड नाही तेच बरंय," ती म्हणायची. "नाहीतर रोज चहा विचारावा लागला असता."

डॉक्टर दातांचे. तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून ज्यानं संसार केला, त्याच्याच घरी बिनतोंडाचा पाहुणा, हा विनोद मित्रांनी इतक्या वेळा केला होता की आता तो करताना त्यांनाच जांभई यायची. डॉक्टर हसायचे नाहीत. अकरा वर्षांत त्यांनी मुखवट्यासाठी लिलावघराच्या एवढ्या खेपा घातल्या होत्या की दारावरचा माणूस त्यांच्या छत्रीला ओळखायचा. एक मुखवटा आकारानं लहान निघाला. एक नकली निघाला. एक अगदी बरोबर होता, पण त्या दिवशी एका पेशंटची दाढ निघता निघेना आणि डॉक्टर पोचले तेव्हा खुर्च्या उचलणं चालू होतं.

आता मुदत पडली होती. मुलीची बदली याच शहरात झाली होती आणि शनिवारी ती राहायला येणार होती, मागच्या खोलीत. बायकोनं निकाल दिला होता. पाहुण्यांना तोंड मिळालं तर ते एका कोपऱ्यात राहतील, मुलीची कॉट दुसऱ्या कोपऱ्यात लागेल. नाही मिळालं तर सोमवारी एका हॉटेलमालकाचा टेम्पो येईल. या हॉटेलमालकाला आपल्या लॉबीत पाम आणि कारंजं यांच्या मधोमध काहीतरी 'दमदार' हवं होतं, तोंड असो वा नसो.

आणि त्याच आठवड्यात कॅटलॉगमध्ये नग क्रमांक त्र्याण्णव आला. लोखंडी मुखवटा, खऱ्या केसांची मिशी, गालावर तीन खवल्यांचं चिन्ह. डॉक्टरांच्या चिलखताच्या छातीवरही तीन खवलेच होते. कुठल्याशा वारसांनी वाटणी करताना एकानं धड घेतलं होतं आणि दुसऱ्यानं चेहरा. फोटो लख्ख होता. बहुतेक मुखवटे दात विचकतात, याचे ओठ घट्ट मिटलेले होते. डॉक्टरांना तेवढं जरा हळहळायला झालं, पण धंद्याचा लोभ किती करायचा.

बुधवारी पाहणीचा दिवस होता. गर्दी नेहमीप्रमाणे तलवारींभोवती. तिथे चार-पाच गृहस्थ पातं डोळ्यांपुढे आडवं धरून, आपल्याला काहीतरी दिसतंय असा चेहरा करून उभे होते. मुखवट्याच्या टेबलाशी फक्त नोंदणीबाई होत्या. या बाईंनी गेली वीस वर्षं कॅटलॉग लिहिला होता, आणि वस्तूपेक्षा कॅटलॉगवर त्यांचा जास्त विश्वास होता.

डॉक्टरांनी कापडी हातमोजे चढवले, मुखवटा उचलला, उलटा केला. आतून लाल लाख चढवलेली. हनुवटीखाली घाम गळायला भोक. खिशातून त्यांनी दात तपासायचा लांब दांड्याचा आरसा काढला आणि आतल्या कोपऱ्यांतून फिरवला.

"लोखंडाचा एक फायदा आहे," ते बाईंना म्हणाले. "आरसा धुरकटत नाही. आमच्याकडे श्वासानं धुरकटतो, म्हणून आधी गरम करून घ्यावा लागतो."

बाईंनी उगाच हसल्यासारखं केलं. डॉक्टरांनी मुखवटा सुलटा केला, अंगठा हनुवटीवर टेकवला, दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, "आ करा."

म्हणाले म्हणजे निघून गेलं तोंडातून. दिवसाला तीसदा म्हणणाऱ्या माणसाचं तसंच व्हायचं. आता मात्र बाई खरंच हसल्या. डॉक्टर ओशाळले, मुखवटा मखमलीवर ठेवला आणि घरी आले.

गुरुवारी बाराला लिलाव. डॉक्टर दहालाच पोचले. त्र्याण्णव नंबरच्या मखमलीवर तोच मुखवटा होता, तीच मिशी, तेच तीन खवले. ओठ बोटभर विलगलेले होते. आत दातांच्या दोन्ही ओळी दिसत होत्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. वरचा उजवा सुळा किंचित फिरलेला. खालच्या दातांच्या मुळाशी कीटण.

एखादा शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. डॉक्टर सरळ काउंटरवर गेले आणि वस्तू बदलली आहे अशी तक्रार केली.

नोंदणीबाईंनी मुखवटा तराजूवर ठेवला. वजन ग्रॅमला ग्रॅम जुळलं. मिशीतली झड जुळली, आतला ओरखडा जुळला, मागे लाखेत कोरलेली दोन अक्षरं जुळली. मग त्यांनी कॅटलॉगमधला फोटो बघितला, मुखवटा बघितला, पुन्हा फोटो बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला. कॅटलॉग चुकणं त्यांना वस्तू चुकण्याहून भयंकर वाटत होतं.

लिलाव पुकारणारे गृहस्थ आले. आवाज असा की "बसा" म्हटलं तरी वाटावं कुणीतरी जास्तीची बोली दिली. त्यांनी नियम सांगितला. छापलेल्या वर्णनाशी न जुळणारी वस्तू पुकारता येत नाही. नवा फोटो, नवं वर्णन, पुढचा लिलाव. म्हणजे सहा महिने.

डॉक्टर म्हणाले की त्यांना चालतंय, मुखवटा आहे तसा हवाय. गृहस्थ म्हणाले, पण तक्रार तुमचीच आहे. डॉक्टर म्हणाले, मागे घेतो. गृहस्थ म्हणाले, खोटी असती तर मागे घेता आली असती, ही खरी आहे. डॉक्टरांनी अकरा वर्षं सांगितली, मुलगी सांगितली, हॉटेलमालकाचं कारंजंसुद्धा सांगितलं. गृहस्थांनी सगळं सहानुभूतीनं ऐकलं आणि एक फॉर्म पुढे केला, तीन प्रतींत.

फॉर्म भरायला त्यांना मागच्या खोलीत बसवलं. टेबलावर मुखवटाही होता, कारण त्याचा नवा फोटो निघायचा होता. बाई कॅमेरा आणायला गेल्या. खिडकीतून अंगणातलं ऊन येत होतं. कुणीतरी खाली खोकी उतरवत होतं, त्याचे आवाज येत होते. तिसऱ्या प्रतीवर कार्बन उलटा निघाला तेव्हा डॉक्टरांनी पेन ठेवलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग मुखवट्याकडे पाहिलं. मग स्वतःची लाज वाटत असतानाच हळू म्हणाले, "मिटा."

काही झालं नाही.

"बंद करा."

काही नाही. आपण पन्नाशी उलटलेले, शिकलेले गृहस्थ आहोत आणि लोखंडाला विनवतो आहोत, हे डॉक्टरांना स्वच्छ दिसत होतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात ते पेशंटला 'मिटा' असं कधीच म्हणत नाहीत. तशी गरजच पडत नाही.

"चूळ भरा," ते म्हणाले, आणि शरमून खिडकीबाहेर पाहू लागले.

मागे काही वाजलं नाही. बाई कॅमेरा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"डॉक्टर, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. फॉर्म भरत होतो."

ओठ मिटलेले होते. फोटोसारखे. बाईंनी कॅटलॉग शेजारी धरला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. मग त्यांनी डॉक्टरांच्या हातातल्या तिन्ही प्रती घेतल्या, चार-चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. कॅटलॉग बरोबर होता. बाकी काही विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

एकच गोष्ट फोटोशी जुळत नव्हती. दोन्ही गाल थोडे फुगलेले होते. डॉक्टरांना ते दिसलं. पण आज सकाळपासून ते एकच धडा शिकले होते, की तक्रार करायची नाही.

लिलावात हॉटेलमालकाचा माणूस दोनदा बोलीची पाटी वर करून कंटाळला. हातोडा पडला. अकरा वर्षांचं काम दीड मिनिटात झालं, आणि डॉक्टरांना आनंदाऐवजी उगाच कुणीतरी फसवल्यासारखं वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी मुखवटा बसवला. दोऱ्या शिरस्त्राणाखाली अशा चपखल गेल्या की गाठही शोधावी लागली नाही. बायकोनं दारातूनच पाहिलं.

"आता बघतात हो ते," ती म्हणाली. "आधी आपण बघायचो." मग जवळ येऊन म्हणाली, "गालगुंड झालंय का त्यांना?"

शुक्रवारी सकाळी पेटीवरचं पांढरं कापड ओलं होतं, बरोबर हनुवटीच्या भोकाखाली. बायकोनं छत तपासलं, नळ तपासला, मग डॉक्टरांना बोलावलं. डाग तळहाताएवढा होता, कडेला फिकट गुलाबी. वासही होता, लवंगेच्या तेलाचा. डॉक्टरांच्या कपड्यांना तो रोजच असतो, त्यामुळे बायको त्यांनाच बोलली. हॉटेलमालकाला फोन करू का, असंही तिनं विचारलं. डॉक्टर नको म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. घरात आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

रात्री झोपण्याआधी त्यांनी दवाखान्यातला वाकडा स्टीलचा ट्रे आणून भोकाखाली ठेवला.

शनिवारी सकाळी ट्रेमध्ये दोन घोट गुलाबी पाणी होतं.

गाल बसले होते. डॉक्टरांना हायसं वाटलं. दुपारपर्यंत मुलगी पोचणार होती, तिची कॉट लागली होती, चादर घातली होती, आणि पाहुण्यांचं झालं असेल ते होऊन गेलं होतं. त्यांनी ट्रे मोरीत नेला, साबणानं धुतला, पुसला आणि परत आणला.

ओठ विलगलेले होते. मघाशी मिटलेले होते, आता परवापेक्षाही जास्त.

डॉक्टर काही बोलले नव्हते. त्यांनी आठवून पाहिलं. एक शब्दही नाही.

पण पेशंटला त्यासाठी सांगावं लागत नाही. चूळ टाकून झाली की तो मान मागे टेकतो आणि आपणहून आ करतो. काम संपलेलं नाही हे त्याला माहीत असतं.

बाहेर रिक्षा थांबली. बायको दाराकडे धावली. मुलीचा आवाज आला, बॅगा कुठे ठेवू म्हणून. बायको म्हणाली, आत, मागच्या खोलीत, कॉटवरच ठेव.

डॉक्टरांनी खिशातून आरसा काढला. दांडा दोन बोटांत धरला आणि सोनेरी दातांमधून अलगद आत सरकवला, लोखंडाला कुठे न लावता.

बाहेर काढला तेव्हा तो धुरकट होता.

त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा आत घातला.