चन्नबसम्माची जबानी

परभणीच्या कचेरीच्या व्हरांड्यात एक बाक होता आणि त्याचा एक पाय आखूड होता. भुजंग हाडाचा फिटर. एक लाकडी चिपटी मारली असती तर बाक सरळ उभा राहिला असता, आणि ती मारता येत नाही यानंच त्याचं डोकं निम्मं फिरे. उरलेलं निम्मं आत गेल्यावर पेशकार किशनराव फिरवत.

भुजंग बार्शीचा. तिथली जिनिंग बंद पडली तेव्हा इंग्रजी हद्द ओलांडून तो निजामाच्या मुलखात, मोगलाईत, काम शोधायला आला. पूर्ण्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटरची जागा रिकामी होती. फोरमननं त्याचं काम पाहिलं, मान डोलावली आणि सांगितलं, मुल्की दाखला आण आणि कामाला लाग. मुल्की म्हणजे या मुलखाचा. भुजंग पडला गैरमुल्की. त्याला राहण्याची नुसती मोहलत होती, तीही संपत आलेली. तिकडे त्याची बायको नर्मदा भावाच्या घरी भावजयीचे टोमणे खात बसली होती. जागा लागली की नेतो, असं तो तिला सांगून आला होता. तसाच रिकाम्या हातानं परत गेलो तर तिला तोंड काय दाखवायचं, हा विचार त्या लंगड्या बाकावर त्याला फार छळे.

"इतकं चिडायचं काय त्यात?" किशनराव तंबाखू मळत म्हणाले. "मोहलत वाढवायला रस्ते आहेत. नोकरीचा कागद आणा."

"नोकरीसाठी दाखला लागतो, साहेब."

"मग दाखला आणा."

"दाखल्यासाठी नोकरी मागता तुम्ही."

"बरोबर," किशनराव म्हणाले. पोरानं पाढा न चुकता म्हटल्यावर मास्तर खूश व्हावा तसे ते खूश झाले होते. "नाहीतर इथला कोणी इनामदार, वतनदार जामीन आणा."

"मला इथं कुत्रं ओळखत नाही."

"मग घरचं माणूस आणा. या मुलखातल्या कोणी येऊन जबानी दिली, की हा आमचा, बाहेर गेला होता, परत आला, तर सगळं मिटतं. थेट दाखला. मोहलतीचं लचांडच राहत नाही."

भुजंग उठला. या माणसाच्या टेबलाचे चारही पाय नीट आहेत, याचाही त्याला राग आला. तेवढ्यात किशनरावांनी आवाज उतरवला.

"पेडगावला चन्नबसम्मा म्हणून एक म्हातारी आहे. लिंगायत. मुलगा इंग्रजी हद्दीत गेला तो आला नाही, असं सांगते. दर बाजाराला इथं येऊन विचारते, तिकडनं कोणी आलंय का. जाऊन बघा. तिचंही मन राहील, तुमचंही काम होईल."

खोटं बोलायचं होतं. पण खरं बोलून त्याचे जोडे झिजले होते.

पेडगाव परभणीहून गाडीनं जवळच. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि दुपारी गल्लीत भरून राहिलेला पेंडीचा वास. चन्नबसम्मा ओसरीवर डाळ निवडत बसली होती. बारीक अंगाची, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे.

"आलास," ती म्हणाली.

भुजंगनं सगळं सांगितलं. ती खडे वेचत हूं हूं करत राहिली. मग आत गेली आणि दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी घेऊन आली. लिंगायत माणूस जन्मभर गळ्यात घालतो ती, लिंगाची.

"कचेरीत हे गळ्यात दिसाया पायजे. आमच्यात लिंगाबिगर माणूस नसतोय."

भुजंग आदल्याच आठवड्यात मटण खाल्लेला माणूस. त्याला अवघडल्यासारखं झालं.

"एका दिवसापुरतं हं, मावशी."

"ते एका दिवसासाठी बांधायचं नसतंय," ती म्हणाली. तोवर गाठ बसली होती.

डबीचं झाकण नीट लागत नव्हतं. बिजागरीत काळी माती घट्ट बसली होती. भुजंगचा हात शिवशिवला. त्यानं टाचणीनं ती उकरून काढली, तेलाचा थेंब सोडला. माती खडखडीत वाळलेली होती.

कचेरीत म्हातारीनं जबानी फार सुरेख दिली. हा माझा सिद्रामप्पा, असं अशा आवाजात म्हणाली की भुजंगलाच गलबललं. तहसीलदारांनी खूण विचारली. उजव्या कानामागं तीळ हाय, ती म्हणाली. चपराशानं कान दुमडून पाहिला. तीळ होता. भुजंगला स्वतःच्या कानामागचं कधी दिसलं नव्हतं. दोरा बांधताना म्हातारीनं पाहून ठेवलं असणार, असं त्यानं ठरवलं आणि तिच्या हुशारीचं मनात कौतुकही केलं.

दाखला गावातल्या चौकशीनंतर मिळायचा होता. तोवर पेडगावलाच राहणं भाग होतं.

चौकशीला कचेरीचा अहलकार आला तेव्हा गावानं कमाल केली. कोणी सिद्रामबरोबर विहिरीत पोहलं होतं, कोणी त्याच्याबरोबर बैल धुतले होते. दुकानदार चन्नप्पानं तर माळ्यावरून एक भोवरा काढून आणला, लहानपणी सिद्राम विसरून गेला होता तो. अहलकार शेंगा खाऊन गेला. भुजंगनं चन्नप्पाला हात जोडले.

"लय उपकार झाले, अप्पा. पण आता पुरे. कचेरीचा माणूस गेला."

"कोणता माणूस?" चन्नप्पा म्हणाला. "भवरा घेऊन जा की. किती दिस संभाळू मी?"

इथून भुजंगला चीड यायला लागली. कोणी सोंग सोडायलाच तयार नव्हतं. पाणवठ्यावर सिद्राम, देवळात सिद्राम. न्हावी म्हणाला, टाळूवरचा भोवरा अजून तसाच हाय की रं तुझा, आणि तेव्हा भुजंगनं पटका काढलाही नव्हता. मदत करावी, पण किती? भुजंग एकदा ओरडून म्हणाला, अहो, मी बार्शीचा भुजंग. लोकांनी ऐकून घेतलं, आणि पोराच्या अंगात ताप असल्यासारखं एकमेकांकडं पाहिलं.

आणखी एक होतं, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. घराची चौकट बुटकी होती आणि तिच्यावर त्याचं कपाळ एकदाही आपटलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी दिव्याची काडेपेटी शोधताना त्याचा हात न चाचपडता कोनाड्यात गेला होता. घरं सगळी सारखीच असतात, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग झोपेचं सुरू झालं. तो घोंगडीवर आडवा होई आणि सकाळी जाग येई तेव्हा भिंतीला पाठ टेकून बसलेला असे. मांडी घातलेली, पाठ ताठ, आणि डावा तळहात मांडीवर उताणा. तळहातावर डबी. गुडघे असे आखडलेले, की वंगणावाचून गंजलेला सांधा सोडवावा तसे ते हळूहळू सोडवावे लागत. कधी घोंगडीत राख असे. एकदा सदऱ्यातून बेलाचं वाळकं पान निघालं.

"मावशी, ही राख कसली?"

"इभूत हाय ती," चन्नबसम्मा भाकरी थापत म्हणाली. "झडल हळूहळू."

राणीसावरगावचे म्हातारे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, एका सकाळी आले. चन्नबसम्मानं त्यांचे पाय धुतले. जंगमांनी भुजंगला जवळ बोलावलं, गळ्यातली डबी उजेडात धरली आणि तिची कडी अंगठ्यानं चाचपली.

"गाठ माझीच हाय."

"स्वामी, ही मावशींनी बांधली."

"दोरा तिनं बांधला असंल. कडीची गाठ माझी." त्यांचा आवाज हवापाण्याबद्दल बोलावं इतका साधा होता. "आमी माणसाला जाळत न्हाई, बाबा. खड्ड्यात मांडी घालून बसवतो. सिद्रामला मीच बसवला. इभूत भरली, बेल वाहिला, हे लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठिवलं, मंग माती लोटली. लिंग संगं जातंय, मागं ऱ्हात न्हाई. सगळं गाव हुतं तवा."

जंगमांनी मायेनं भुजंगच्या खांद्यावरची राख झटकली.

"कवा आलास वर?"

भुजंग तसाच उठून चन्नप्पाच्या दुकानात गेला. चन्नप्पा गूळ तोलत होता.

"अप्पा, सिद्राम मेला होता?"

"व्हय की. तापात. तू, अन् तुझ्या मागं गौरा. बायकू तुझी. शेतात शेजारी शेजारी बसवलंय. तुला आठवत न्हाई?"

"मग मी कोण?"

चन्नप्पानं तराजू खाली ठेवला. आजवर भुजंग ज्या वैतागानं या गावाकडं पाहत आला होता, तो सगळा आता चन्नप्पाच्या तोंडावर होता.

"सिद्राम, सकाळच्या पारी डोकं खाऊ नको बाबा. गिऱ्हाईक थांबलंय."

शेतात दोन मातीचे उंचवटे होते. एक शेणानं सारवलेला, घट्ट. दुसरा मधोमध खचलेला. भुजंगनं खाली वाकून पाहिलं. उंदरांनी पोखरलं असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी त्यानं चाकूनं दोरा कापला आणि डबी कोनाड्यात ठेवली. सकाळी तो भिंतीला टेकून बसलेला होता. डबी तळहातावर होती. दोरा अखंड होता.

दाखला आला होता. किशनरावांनी तो मोठ्या कौतुकानं पुढं सरकवला. भुजंगनं तो मागं सरकवला.

"साहेब, हे रद्द करा. मी गैरमुल्की आहे. मला माझ्या मुलखात जायचंय."

किशनराव हसायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा थट्टा करत नाही.

"सबूत?"

"मी बार्शीचा. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला तर सिद्रामप्पा ठाऊक आहे. जबानी झाली, चौकशी झाली, शिक्का झाला. आता तुम्ही परके आहात असं म्हणत असाल तर घरचं माणूस आणा. तिकडच्या कोणी येऊन सांगितलं, की हा आमचा, तर बघू."

भुजंगला हसावं की टेबल उलटं करावं कळेना. त्यानं नर्मदेला निरोप धाडला. असशील तशी निघून ये, मला ओळखायला ये. पूर्ण्याच्या जागेचं आता त्याला काही वाटत नव्हतं. तिनं एकदा नावानं हाक मारली की झालं.

ती यायची त्या दिवशी चन्नबसम्मा सकाळपासून शेतात गेली होती. भुजंग दुपारीच स्टेशनावर जाऊन बसला. ऊन होतं, सिमेंटचा बाक तापला होता. गाडी आली.

नर्मदा उतरली. तीच हिरवी चोळी, तेच गाठोडं. भावानं मनमाडला गाडीत बसवून दिलं असावं, कारण बरोबर कोणी नव्हतं. ती घाबरून इकडंतिकडं पाहत होती. भुजंगला भरून आलं. तो धावत पुढं गेला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"दादा, बार्शीचे भुजंगराव म्हणून एक फिटर इथं राहतात. घर दाखवाल का?"

नर्मदे, मीच. एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर तयार होते. जिभेवर मातीची चवही होती.

"असं कोणी हितं न्हाई, बाई," तो म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता.

नर्मदेचे डोळे भरले. "असं कसं? त्यांचाच निरोप आला. मला थोडी मोहलत मिळालीय, ती संपायच्या आत शोधायचं कुठं मी त्यांना?"

त्यानं हात पुढं केला. हात गाठोड्याकडं गेला आणि गाठोडं त्याच्या खांद्यावर बसलं.

मागून चन्नबसम्मा आली. पाय चिखलानं भरलेले.

"रडू नको, बाय. मोहलतीचं काय एवढं? माझ्या घरी ऱ्हा, निवांत शोध. कचेरीत मी जबानी देती."

परक्या मुलखात भेटलेलं ते पहिलं मायेचं माणूस. नर्मदा तिच्या पाया पडली. म्हातारीनं कनवटीची गाठ सोडली.

"फकस्त हे गळ्यात दिसाया पायजे. एका दिवसाचा सवाल हाय."

नर्मदेनं मान पुढं केली.

भुजंग गाठोडं घेऊन उभा होता. चांदीची डबी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. तिच्याही बिजागरीत माती होती. ही अजून ओली होती.