मुहूर्तावर केलेलं अपडेट

"मारा त्याले! सोडू नका!"

पहिला दगड हेमराजमामाच्या कपाळावर बसला, तेव्हा गुंजन रंगमंचाच्या मागं वायरी गुंडाळत होती. मामा खाली पडला. वरून काठ्या सुरू झाल्या. एक काठी तर थेट डाव्या कानावर!

"माझ्या मामाले मारू नका!" गुंजन किंचाळली. पण चवताळलेली गर्दी तेरा वर्षांच्या पोरीचं ऐकते होय?

दिवाळीच्या सुट्टीत गुंजन आणि तिचा धाकटा भाऊ मनिष साकोलीहून सिहोऱ्याला मामाकडे आले होते, ते खास मंडईसाठी. भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ, रात्री नाटक, आणि जत्रा वेगळीच! माईक-स्पीकरचं सगळं काम मामाकडे असायचं. पण आज भरदुपारी त्यानं दंडारीचा माईक सुरू केला आणि आठही स्पीकरांमधून कानठळ्या बसवणारा कर्कश आवाज फुटला. बैल बुजले, दावी तोडून गर्दीत घुसले. एक बैलबंडी उलटून म्हातारे गोमाजी तिच्याखाली सापडले. त्यांच्या पायाचं हाड मोडलं. आता त्यांचे दोन्ही पोरगे मामाच्या जिवावर उठले होते.

मंडळाचे अध्यक्ष भैयाजी कसेबसे मध्ये घुसले. त्यांनी मामाला समाजमंदिरात ढकललं आणि बाहेरून कुलूप घातलं. "पोलीस येतील! तोवर कोणी हात लावू नका!"

"पोलीस येतवरी दार तोडतो आमी!" गोमाजीचा थोरला ओरडला. धाड! दारावर पहिली लाथ बसली.

मनिष रडवेला झाला. "ताई, मामाले जिवंत नाई सोडत हे लोक!"

"रडू नको बे! मामानं चूक केली नसंल, तं कोणी केली ते शोधू. चाल!"

सगळ्या माईकचा आवाज कमीजास्त करणारा मंडळाचा मिक्सर तसाच चालू होता. पडद्यावर लाल अक्षरं चमकत होती : स्टेजबॉक्सचं व्हर्जन जुळत नाही. स्टेजबॉक्स म्हणजे रंगमंचावरचा तो काळा डबा. सगळ्या माईकच्या वायरी त्यात जातात, आणि तिथून एकच वायर मिक्सरकडे येते. मामा नेहमी सांगायचा, "मिक्सर न् डबा म्हणजे बैलजोडी. एक पुढं पळाला न् दुसरा मागं राह्यला, तं बंडी उलथलीच समज."

"मिक्सरमध्ये नवीन व्हर्जन, डब्यात जुनं!" गुंजन पुटपुटली. "पण टाकलं कोणी?"

"ताई, इथं पाह्य!" मनिषनं पेनड्राइव्हच्या खाचेवर बोट ठेवलं. आत चक्क कुंकू!

"आता काय बाप्पा, पेनड्राइव्हची पूजा केली का कोणी?"

"केली ना!" मागून आवाज आला. भैयाजींची नात उर्वशी उभी होती, घाबरून पांढरीफटक पडलेली. "मिक्सर आमच्याच घरी ठेवला राहते. लक्ष्मीपूजनाले आजोबा अंगणात होते, तवा कैलाशकाकानं मिक्सरले हळदकुंकू लावलं, पेनड्राइव्हलेही लावलं. म्हणे, मुहूर्तावर अपडेट केलं तं वर्षभर बिघडत नाई! आरती म्याच धरली होती."

"अन् डबा?"

"तो हेमराजकाकाच्या पेटीत होता ना! त्याची कोणाले आठवणच नाई."

गुंजननं कपाळावर हात मारला. भैयाजींच्या या पोरानं, कैलाशनं, आज मिक्सर आणून दिला तोही दंडारीच्या फक्त अर्धा तास आधी. मामाला तपासायला वेळ मिळालाच नव्हता!

"तो पेनड्राइव्ह कुठं हाय? डब्यातबी तेच टाकावं लागंल!"

"त्याच्याच खिशात!"

आणि कैलाश कुठं होता? रंगमंचामागून तलावाकडे सटकत होता! तिघं जिवाच्या आकांतानं धावली. कैलाशनं खिशातून पेनड्राइव्ह काढून पाण्यात भिरकावायला हात उगारला, तोच मनिषनं त्याच्या पायाला मिठी मारली. दोघं तलावाच्या पाळीवर आपटले.

"सोड बे!" कैलाशनं लाथ झाडली. मनिषचा ओठ फुटून रक्ताची धार लागली. पठ्ठ्यानं पाय काही सोडला नाही! गुंजननं कैलाशच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्यानं तिचे केस धरून मुंडी हिसडली. तेवढ्यात उर्वशीनं बैल हाकायची काठी, तुतारी उचलली आणि तिच्या टोकाची अणकुचीदार आर काकाच्या मांडीत खुपसली.

"मेलो वो माय!"

पेनड्राइव्ह गुंजनच्या मुठीत आला. आता पळा!

समाजमंदिराच्या दाराची एक फळी फुटली होती. भैयाजी हात पसरून उभे होते, त्यांच्याही पाठीत गुद्दे बसत होते. गुंजननं मिक्सर गाठून पेनड्राइव्ह खाचेत घातला, डबा मिक्सरला जोडला आणि पडद्यावरचं बटण दाबलं. मिक्सरमधलंच व्हर्जन आता डब्यात जायला लागलं. वीस टक्के... चाळीस... तिकडे दुसरी फळी फुटली. सत्तर... कोणीतरी मामाचा पाय धरून बाहेर ओढला. शंभर! हिरवा दिवा! गुंजननं आवाज खाली घेतला, माईक लावला आणि हळूहळू वर नेला.

"थांबा!"

आठही स्पीकरांतून शब्द खणखणीत, स्वच्छ गेला. उगारलेल्या काठ्या हवेतच राहिल्या.

"मामानं काईच नाई केलं! अपडेट दुसऱ्यानं केलं, अर्धंच केलं, न् मामाले सांगतलंबी नाई!"

उर्वशीनं माईक ओढला. "कैलाशकाकानं, आजोबा! आपल्याच देवघरात!"

लंगडत आलेल्या कैलाशची भैयाजींनी कॉलर धरली. त्यानं मान खाली घालून सगळं कबूल केलं. "घाबरलो होतो, बाबा. म्हणून बोललो नाई."

झालं! काठ्या आता त्याच्याकडे वळल्या. पण रक्तबंबाळ मामा धडपडत उठला आणि कैलाशच्या आडवा उभा राहिला. "एकाले मारून पाह्यलं ना? गोमाजीबुवाचा पाय बरा झाला का त्यानं? गाडी काढा, बुवाले दवाखान्यात न्या!"

गोमाजीच्या थोरल्यानं काठी टाकली आणि मामाचे पाय धरले. भैयाजींनी पोरांसमोर हात जोडले. "आमचे केस पिकले, पण अक्कल तुमच्यापाशी निंगाली रे पोट्टेहो! आज या गावाच्या हातून खून होता होता वाचला."

मामाच्या डोक्याला पट्टी बांधून झाली. दंडारवाले तयार उभे होते, पण मामा मिक्सरपाशी नुसता बसून राहिला. गुंजननं काळजीनं विचारलं, "काय झालं, मामा?"

"उजवीकून बोल, बाई. डाव्या कानानं काईच आयकू नाई येऊन राह्यलं."

गुंजनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामानं खुर्ची सरकवून तिला डाव्या बाजूला बसवलं.

"आज या बाजूचं तू आयक. न् जसं आयकू येईल, तसं मले सांग."