आईहून लहान डोंगर

जर्मन माणसाने ‘सोपी’ म्हणून सांगितलेली पायवाट सोपी असते यावर कधी विश्वास ठेवू नये. पण हॅनोव्हरमध्ये पाच वर्षं काढूनही क्षमाला हे कळलं नव्हतं, त्याला कोण काय करणार! म्हणून तर ती ला पाल्मा नावाच्या स्पेनच्या ज्वालामुखी बेटावर, चढाच्या ऐन मध्यावर, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाचा निघालेला सोल हातात धरून बसली होती. हॅनोव्हरहून तिच्याबरोबर आलेला गट कधीच पुढे निघून गेला होता. त्यातल्या सत्तरीच्या आजीबाईसुद्धा!

“मदत करू का?” मागून कुणीतरी जर्मनमध्ये विचारलं.

तिने वळून पाहिलं. सावळा, उंच, घामाने डबडबलेला... आणि पायात जिममध्ये घालायचे बूट. म्हणजे हाही फसलेलाच! त्याने खिशातून वायरी बांधायचे दोन केबल टाय काढले, सोल जागेवर बसवला आणि करकचून आवळला.

“इंजिनिअर?” तिने विचारलं.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली, आणि क्षमा उगाचच बुटाकडे बघत बसली.

अर्धा तास दोघं जर्मनमधून अगदी अदबीने बोलत चढले. धुकं पाइनच्या लांब पानांत अडकून टपटप गळत होतं, तिच्या केसांवर, त्याच्या चष्म्यावर. हा बंगाली असावा असं तिला वाटत होतं, ही मल्याळी असावी असं त्याला. मग त्याचा फोन वाजला.

“जय भीम, आई! काय करून राहिली? जेवली का?”

क्षमा जागच्या जागी थांबली. त्याचं बोलणं संपेपर्यंत तिने कसंबसं हसू आवरलं.

“जय भीम,” ती म्हणाली. “अर्धा तास माझ्याकडून जर्मन व्याकरण घोटून घेतलंत, काय म्हणावं तुम्हाला!”

“अरे बाप्पा!” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “कुठल्या तुम्ही?”

“अकोल्याची. क्षमा. रक्तपेशींवर संशोधन करते.”

“राजानंद. नागपूर. सध्या मीही हॅनोव्हरलाच असतो.” आणि मग, जरा अडखळत — “तीस एप्रिलला कायमचा परत चाललोय. वडील गेल्यापासून आई एकटीच आहे. तिथेच जवळ बुटीबोरीला नोकरी घेतलीय.”

एप्रिलची आज पाच तारीख होती. क्षमाने मनातल्या मनात दिवस मोजले, आणि आपण का मोजतोय म्हणून स्वतःवरच चिडली. कारण मागच्याच आठवड्यात, पाच वर्षं दर वर्षी मुदतवाढीची धाकधूक सोसून, तिला कायमच्या नोकरीचा करार मिळाला होता. सगळ्या लॅबला केक वाटला होता तिने!

पण बेटाला या तारखांचं काय? राजानंद आता तिच्याच गटाबरोबर चालू लागला होता, आणि बेट रोज नवं काहीतरी पुढ्यात टाकत होतं. एका सकाळी ते ढगांच्याही वर गेले. खाली पांढराशुभ्र समुद्र, ढगांचा, आणि तो कड्यावरून सावकाश आत ओघळत होता. आवाज नाही, काही नाही. रोज सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणाऱ्या क्षमाला इतकं मोठं काही बघायची सवयच नव्हती. तिचे डोळे भरून आले. राजानंदने तिच्या हातात थर्मासचा चहा दिला. त्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, कुणी आधी म्हटलं ते दोघांनाही आठवेना.

शेवटच्या दिवशी गट बेटाच्या दक्षिण टोकाला पोचला. काळा, भाजलेला डोंगर, गवताची काडी नाही, आणि खाली निळा समुद्र.

“एकाहत्तर साली उसळून वर आला हा,” राजानंद म्हणाला. “म्हणजे आपल्या आयांहून लहान!”

“डोंगर? आणि आईहून लहान?” क्षमाने एका भेगेवर हात ठेवला आणि दचकून काढला. “अरे, गरम आहे!”

त्यानेही शेजारी हात ठेवला. पायाखाली काहीतरी अजून धगधगत होतं. तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली होती. कुणीच हात हलवला नाही.

“काही बोलायचंय का तुला?” तिने विचारलं.

“आहे... पण कसं बोलू? त्या कराराची तू पाच वर्षं वाट पाहिलीस. माझ्याबरोबर चल म्हणायचा मला काय हक्क?”

“म्हणजे माझं उत्तरही तूच देऊन टाकलंस? वा रे शहाण्या! आधी विचार तरी.”

“येशील?”

“नाही.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“काम अर्धं टाकून येणार नाही. दोन वर्षं लागतील मला,” ती म्हणाली. “पण मी फक्त आत्ता येण्याला नाही म्हटलंय. तुला नाही म्हटलेलं नाही. दुसरं काही विचारायचं नाही का तुला?”

“क्षमा... लग्न करशील माझ्याशी?”

“करीन. मला आवडतोस तू. फार आवडतोस.”

तीस एप्रिलला हॅनोव्हरच्या विमानतळावर रडायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. क्षमाने ते पाळलं. राजानंदला मात्र ते काही जमलं नाही. पासपोर्ट हातात घेऊन तो बिचारा सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मागे रांगेतली माणसं खोळंबली होती.

“दोन वर्षं, क्षमा... जमेल आपल्याला?”

तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. ती ‘तुझी आई’ म्हणाली नाही.

“जा आता,” ती म्हणाली, “आई वाट बघत असतील.”