बसा आजोबा, सावकाश

मी टॅक्सी चालवतो. शाळा लवकर सुटली, चारचौघांत बोलायला अजून जमत नाही. पण प्रवाशाला जपून न्यायचं, तेवढं जमतं.

एका आजोबांना डायलिसिससाठी मी वर्षभर नेत-आणत होतो. आजी मागे बसायच्या, आजोबा माझ्या शेजारी. त्यांचे पाय आखडायचे, म्हणून मी पुढचं सीट पार मागे सरकवायचो, दार धरून म्हणायचो, "बसा आजोबा, सावकाश."

"सावकाशच रे बाबा. तुझ्या गाडीपेक्षा माझी काठी जोरात पळते," असं म्हणत ते बसायचे.

त्या दिवशी दिवेलागणीला आजींचा फोन आला. "ये रे घ्यायला." एवढंच.

रुग्णालयाच्या फाटकापाशी त्या एकट्याच उभ्या होत्या. हातातल्या पिशवीत आजोबांच्या चपला होत्या.

"दुपारी गेले," त्या म्हणाल्या. "मुलगा उद्या येईल, तोवर त्यांना इथंच ठेवणार म्हणे. सारखे म्हणत होते, मला घरी ने. मी म्हटलं, नेते हो... आणि बघ, एकटीच निघाले."

आजींना मागे बसवलं आणि सवयीनं हात पुढच्या दाराकडे गेला. ते उघडून मी मोठ्यानं म्हणालो, "बसा आजोबा, सावकाश."

जीभ चावली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईनं दार लावायला गेलो, तर आजी हळूच म्हणाल्या, "थांब. त्यांचा पाय आत येऊ दे."

मी थांबलो. मग दार लावलं.

रस्त्याला लागलो आणि गाडीतली घंटी वाजू लागली. शेजारच्यानं पट्टा लावला नसेल तर वाजते ती. सीट रिकामं होतं. पिशवीसुद्धा आजींच्या मांडीवर होती. मी हात लांबवून पट्टा लावला. घंटी थांबली. हाताला मात्र ओल्या कापडासारखा गारवा लागला आणि औषधाचा ओळखीचा वास आला.

आजींनी मागून सीटच्या खांद्यावर हात ठेवला होता. "आलंच हो घर," त्या पुटपुटत होत्या. "आलंच..."

घरापाशी मी पट्टा सोडला, दार उघडलं. या वेळी समजून-उमजून म्हणालो, "उतरा आजोबा... घर आलं."

गाडी किंचित वर उचलली गेली, कुणी उतरल्यावर उचलते तशी.

आजींनी कुणाला आधार द्यावा तसं कोपर वाकवून धरलं आणि एकेक पायरी थांबत थांबत चढल्या. मला रडू आवरेना. दारात पोचल्यावर त्या वळल्या. चेहरा निवला होता.

"आणलंस रे त्यांना," त्या म्हणाल्या. "आता उशीर नको करू. त्या बाईंनाही सोड."

"कोण बाई, आजी?"

"अरे, मागे बसल्यात ना, बाळाला घेऊन. तू फाटकापाशी 'बसा' म्हणालास, तेव्हाच माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत बिचाऱ्या..."

दार लागलं.

मी गाडीत येऊन बसलो. आरशात बघायचा धीर झाला नाही. मान न वळवताच विचारलं, "ताई... तुम्हाला कुठं सोडू?"

मागून नुसता थोपटल्याचा आवाज येत होता. संथ... बाळ झोपावं म्हणून थोपटतात तसा.