बाराही पानांवर तोच

"ओ टोपीवाले... जरा बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय."

भार्गवीने हाक मारली खरी, पण तो आपला कातळावरून डुलत डुलत चाललेला. डिसेंबरातली सकाळ. पावस गावाच्या वरचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, खाली आंब्याच्या बागा आणि त्यापलीकडे समुद्र. तासभर ट्रायपॉड रोवून ती कोवळ्या उन्हाची वाट बघत होती, आणि ऊन पडायला नि हा लाल टोपीवाला उगवायला एकच गाठ पडली. वैतागून तिने बटण दाबलंच.

तो वळला. "मला म्हणालात?"

"नाही, समुद्राला."

"तो हलायचा नाही. त्याच्याऐवजी मी हलतो."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण हसली. नाव ऋत्विक, गाव खेड. एका कृषी प्रकल्पात वर्षभरासाठी इकडे आलेला. काम काय, तर बागाबागांतून हिंडून आंब्यावरची कीड, तुडतुडे, मोजायचे.

"मोजता म्हणजे? एक, दोन, तीन... असे?"

"असेच. ते स्वस्थ बसत नाहीत, एवढीच अडचण."

आता भार्गवीचंही सांगायला हवं. तिचे बाबा दत्तात्रेय आंबा बागायतदार आणि गावच्या बागायतदार मंडळाचे सचिव. मंडळाचं कॅलेंडर दरवर्षी निघतं, घरोघरी स्वयंपाकघरात लागतं. यंदा वर्षभर फिरून पुढच्या कॅलेंडरचे बारा फोटो काढायचं काम भार्गवीकडे आलं होतं. पुण्याला दोन वर्षं फोटोग्राफी शिकून आल्यावरचं हे पहिलंच खरं काम. महिनाभर ती उन्हातान्हात फिरत होती. समुद्र होता, माड होते, आभाळ तर हवं तेवढं होतं. पण दरवेळी बाबा फोटो बघायचे नि म्हणायचे, "छान आहे गो. पण बघायचं काय ह्यात?"

झोंबायचं ते, कारण खरं होतं. डोळा फोटोत शिरायचा, चहूकडे भटकायचा आणि बसायला जागा नाही म्हणून माघारी यायचा.

त्या दुपारी तिने वैतागून काढलेला फोटो उघडला... आणि बघतच राहिली. एवढा थोरला सडा, नि डावीकडे खाली नखाएवढी लाल टोपी. डोळा आधी टोपीवर जायचा, तिथून चिऱ्याच्या गडग्याला, बुटक्या दगडी कुंपणाला, धरून खाली बागेत उतरायचा आणि बागेतून थेट समुद्रावर. मागून बाबा डोकावले.

"वा," ते म्हणाले. "केवढा मोठा आहे गो आपला सडा. कधी जाणवलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भार्गवी टोपीवाल्याला शोधत बागेत हजर.

"पुन्हा फ्रेममध्ये याल का?"

"काल तर हाकलत होतात. कुठे उभा राहू? इथे, मधोमध?"

"मधोमध काय, लग्नाला उभे राहताय? जरा डावीकडे... अजून... हां. पुढ्यात जागा मोकळी हवी. नजरेला चालायला वाट नको?"

"आणि बघू कुठे?"

"समुद्राकडे. कॅमेऱ्याकडे बघितलंत तर पासपोर्टचा फोटो होईल."

"कॅमेऱ्याकडे नाही बघत," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघतो."

लेन्सचं झाकण खिशात होतं, ते भार्गवी उगाच गवतात शोधत बसली.

मग काय, वर्ष कसं गेलं ते कळलं नाही. मोहोर आला, आंबे उतरले, पेट्या भरल्या. जूनमध्ये किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या होड्या तिने टिपल्या, ऑगस्टमध्ये इवल्या फुलांनी पिवळाजर्द झालेला सडा टिपला. आणि जाईल तिथे हा लाल टोपी घालून पुढ्यात. "इकडेच काम होतं," दरवेळी म्हणायचा. तिलाही ते पटायचं, कारण पटवून घ्यायचंच होतं. त्या सड्यावरच भुरभुर पावसात एका छत्रीखाली उभं असताना 'अहो'चं 'अरे' झालं. त्याचा ओला कोपर तिच्या कोपराला लागला... दोघांनीही हात काढला नाही. पण पुढचं कुणी बोललं नाही ते नाहीच.

नोव्हेंबरात त्याचं वर्ष भरलं. नवं काम डहाणूला, चिकूवरच्या किडीचं. "पुढच्या आठवड्यात निघतोय," तो म्हणाला. भार्गवी "हो का?" म्हणाली आणि स्वच्छ लेन्स पुन्हा पुसायला लागली. घरी येऊन मात्र स्वतःवरच चरफडली.

आणि तो निघायच्या आदल्या दिवशीच प्रेसमधून कॅलेंडरची नमुना पानं आली. ओटीवर मंडळ जमलं. अध्यक्ष काशीरामकाकांनी बाराही पानं सतरंजीवर ओळीने मांडली आणि चष्मा चढवला.

"जानेवारी... हा कोण? बरं, असो. फेब्रुवारी... हाच. मार्च... परत हाच." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "दत्तू, हे मंडळाचं कॅलेंडर आहे की ह्या मुलाचं स्थळ घरोघर धाडतोयस?"

ओटीभर हशा पिकला. भार्गवी वाकून पानांकडे बघायला लागली. तिने फोटो निवडले होते एकेक, ज्या त्या महिन्याला. शंभरातून जो जिवंत वाटेल तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. बाराही फोटो शेजारी शेजारी मांडून बघायचं राहूनच गेलं होतं.

"ते... मापासाठी, काका. माणूस असला की जागा केवढी ते कळतं."

"माणूस कळला गो. एकच का, ते कळेना. गाय उभी करायची होती एखादी."

बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळी पानं पुन्हा सावकाश पाहिली. "उद्या दहापर्यंत प्रेसला सांगायचंय," ते म्हणाले. "हेच ठेवायचं की बदलायचं, तूच ठरव."

बदलायला फोटो होते की. एकाहून एक देखणे आणि रिकामे. ते चाळता चाळता भार्गवीला रडूच फुटलं. ऋत्विक गेला की आपले दिवसही असेच दिसणार, हे तिला लख्ख कळलं.

सकाळी साडेनऊला ती त्याच्या खोलीच्या दारात उभी. तो बॅग आवरत होता. साडेदहाची एसटी होती. तिने पानं खाटेवर मांडली.

"सगळ्यांत मीच?"

"हं. काल मंडळी हसली. मी म्हटलं, मापासाठी."

"मग? मापासाठीच ना?"

"नाही." आता थांबायचं नव्हतं. "मला दुसरीकडे बघताच येत नाही, ऋत्विक. तू नसलास की कॅमेरा उचलावासा वाटत नाही. आवडतोस तू मला. हे आज बोलले नाही, तर तू डहाणूला जाशील आणि मी जन्मात चिकू खाणार नाही."

तो हसला नाही. त्याने ऑगस्टचं पान उचललं. "ह्यात आंब्याचं झाड कुठेय?"

"कातळावर कसलं झाड?"

"ह्यात?" होड्या. "ह्यात?" भातशेती. तीन-चार पानं सोडली, तर आंबा कुठेच नव्हता. "मग मी तिथे तुडतुडे कसले मोजत होतो, भार्गवी?"

"म्हणजे तू... मुद्दाम..."

"तुझ्या आईला, लीलाकाकूंना, फोन करायचो सकाळी. भार्गवी आज कुठे गेलीय, म्हणून. मे महिन्यापासून." त्याचे कान टोपीसारखे लाल झाले होते. "करारावरची नोकरी माझी. काय तोंडाने विचारू, असं वाटायचं."

"ह्याच तोंडाने विचारायचं," भार्गवी म्हणाली आणि त्याचा हात धरला. तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"दहा वाजले गो. काय सांगू प्रेसला?"

"छापा, बाबा. आहे तसंच."

"आणि गाव विचारेल, हा मुलगा कोण, तर?"

भार्गवीने ऋत्विककडे पाहिलं. त्याने फोन आपल्या हातात घेतला. "काका, ऋत्विक बोलतोय. डहाणूला परवा जाईन. आज आईबाबांना बोलावून घेतो, खेडहून यायला संध्याकाळ होईल. आम्ही घरी आलो तर चालेल का?"

पलीकडे दत्तात्रेय खाकरले. "या. लीला सकाळपासून नारळ खवत बसलीय. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाली, कळेल."