नोलाच्या बाजूचं दार

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटो, न पटो. जिच्या बाबतीत घडली ती रेलीन माझ्या शेजारच्या घरात राहते. शपथ घालून विचारलंय मी तिला. आणि शेवटचा भाग तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, तेव्हा मला शिकवायला येऊ नका.

गाव आमचंच, पोर्ट हॅलम. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा किनारा. दिवस ऑगस्टअखेरचे, वाऱ्याचे.

इथे बंदरावर लोखंडाची माती जहाजांत भरतात. वारा सुटला की ती लाल धूळ गावभर. वाळत घातलेल्या चादरींवर, मांजरांवर, चहाच्या कपात. गाड्यांचं तर विचारूच नका.

आणि आमच्या गावचे म्हातारे एक चूक हमखास करतात. गाडीवरची धूळ कोरड्याच फडक्याने पुसतात. गोल गोल. धूळ लोखंडाची, रंगावर ओरखडे उठणारच. सावलीत दिसत नाहीत. गाडी उन्हात आली की सगळ्या अंगावर कोळ्याचं जाळं.

रेलीनचे वडील मर्व. या बाबतीत ते सगळ्यांचे बाप.

त्यांची निळी जुनी होल्डन गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आणि लेकीचा धंदा काय? गाड्यांवरचे हेच ओरखडे काढायचा! फिरत्या मशीनला पॅड लावायचं, कंपाउंड म्हणजे घासायचा मलम फासायचा आणि रंगाचा अगदी पातळ थर घासून काढायचा. थरासोबत ओरखडे जातात.

"बाबा, आधी पाणी मार, मग पूस! गाव हसतं मला."

"हसू दे गावाला. तुझ्या आईचा पांढरा स्वेटर लाल झाला, तर ती हसायची नाही."

कारण बाहेर निघताना मर्व एकच दार पुसायचे. डावीकडचं. नोलाच्या, म्हणजे रेलीनच्या आईच्या बाजूचं. बाकीची गाडी परत आल्यावर. ते दार पुसून झालं की आत बसून हॉर्न वाजवायचे. दोनदा. मग नोला पांढरा स्वेटर घालून, पर्स काखोटीला मारून ठुमकत बाहेर यायची. लग्न झाल्यापासून हेच.

मे महिन्यात मर्व गेले. झोपेतच.

नोला फारशी रडली नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायची. तिथून गाडीची शेड दिसते. रेलीन आपलं बिऱ्हाड गुंडाळून आईकडे राहायला आली. तिला ना नवरा, ना मूल, ना भाऊबहीण. आता आपलं म्हणायला एवढं एकच माणूस उरलं होतं.

मर्वचा वाढदिवस जवळ आला. त्या दिवशी आईला बाबांच्याच गाडीतून त्यांच्या थडग्यावर न्यायचं, असं रेलीनने ठरवलं. आणि त्याआधी गाडी एकदा तरी चकचकीत करायची. ते जिवंत असताना कधी करू दिली नव्हती.

रविवारी सकाळपासून मशीन सुरू झालं. सोबत स्टाथी, तिच्या वर्कशॉपमधला भागीदार. तोंडाचा फटकळ, मनाने लोणी.

जुना रंग होता, त्यावर आताच्या गाड्यांसारखा पारदर्शक थर नव्हता. पांढरं पॅड बघता बघता निळं झालं.

सगळ्यात शेवटी रेलीन डाव्या दाराशी आली. दिवा जवळ धरला.

मर्वचं मधलं बोट तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर दोरात अडकून तुटलं होतं. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गोल ओरखड्यात मधे एक पट्टी कोरी राहायची. सगळं दार त्या वर्तुळांनी भरलं होतं. बाबांचा हात होता तो...

रेलीनला हुंदका आवरेना. पण मशीन चालू झालं की एका जागी थांबवता येत नाही, रंग जळतो. ती रडत रडतच हात फिरवत राहिली.

संध्याकाळी दारावर एक ओरखडा नव्हता.

सकाळी ती शेडमध्ये गेली...

डाव्या दारावर वर्तुळं होती.

फक्त त्याच दारावर. आणि प्रत्येकात मधे कोरी पट्टी.

"आई, दार तू पुसलंस का गं?"

"मी कशाला पुसू? उभ्या आयुष्यात कधी पुसलंय?"

स्टाथी हसला. "कंपाउंडचं तेल ओरखड्यांत बसलं असेल. तेल सुकलं, ओरखडे वर आले. नवशिकी कुठली!"

असं होतंही. म्हणून रेलीनने दार पुन्हा घासलं आणि या वेळी स्पिरिटने पुसून खात्री केली. स्वच्छ होतं.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. बाहेर वारा होता.

आणि शेडमधून आवाज आला...

घस्... घस्... घस्...

फडक्याचा.

रेलीनच्या हातातली सुरी तशीच राहिली. नोला मात्र उठली. आरशात केस सारखे केले. पांढरा स्वेटर अंगात चढवला.

"आई... कुठे निघालीस?"

"मर्व दार पुसतोय ना. आता हॉर्न देईल."

रेलीन धावत शेडमध्ये गेली. तिथे कुणीही नव्हतं. सगळ्या गाडीवर लाल धूळ बसलेली. डावं दार तेवढं पुसलेलं, तेही अर्धंच. वर्तुळं मधेच थांबली होती.

हॉर्न वाजला नाही.

घरात नोला मांडीवर पर्स घेऊन वाट बघत होती. बऱ्याच वेळाने तिने स्वेटर काढून घडी घातली.

"नाही झालं त्याचं आज. तू घासून टाकतेस, मग बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. किती दमत असेल गं..."

रेलीनला सगळं कळलं. दार पूर्ण झालं की हॉर्न. आणि हॉर्न वाजला की आई जाणार.

मग तिने एकच केलं. रोज सकाळी उठायचं, मशीन लावायचं आणि दार घासून कोरं करायचं.

रोज संध्याकाळी... घस्... घस्...

रोज नोला स्वेटर घालायची. रोज काढून ठेवायची.

स्टाथीने रंगाची जाडी मोजायचं यंत्र दाराला लावलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं बये, रंग संपत आला! अजून एकदा मशीन लावलंस तर आरपार जाशील. धंद्यात काय गवत उपटलंस का इतकी वर्षं?"

"रंग आहे तोवर आई आहे," रेलीन म्हणाली.

त्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. स्टाथीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मशीनची वायर सोडवून तिच्या हातात दिली.

वाढदिवसाच्या सकाळी मशीन फिरता फिरता दारावर करडा डाग उमटला. तळहाताएवढा. रंगाखालचा प्रायमर.

घासायला आता काही उरलं नव्हतं.

मशीन बंद झालं, तशी नोला शेडमध्ये आली. तिने त्या डागावर हात ठेवला.

"राहू दे गं बाळा आता."

"आणि मी? मी काय करू एकटीने?"

"आधी हात धू. केवढे निळे झालेत," नोला म्हणाली. मग लेकीला जवळ घेतलं. "मला करमत नाही गं त्याच्याशिवाय. रागावू नकोस."

रेलीन रागावली नाही. पण ऐकलंही नाही. आईला म्हणाली, थडग्यावर उद्या जाऊ. गाडी काढली, वर्कशॉपमध्ये नेली, शटर खाली ओढलं, किल्ली खिशात घातली. गाडीच शेडमध्ये नाही, तर हॉर्न कुठून वाजणार?

दुपारपासून असा वारा सुटला की समोरचं घर दिसेना. सगळा रस्ता लाल. रेलीन वर्कशॉपमध्ये दाराकडे टक लावून बसली होती. स्टाथीही बसला होता. एकही वर्तुळ उमटलं नाही. दिवस कलला, तसा तिच्या जिवात जीव आला.

आता माझं ऐका.

मी माझ्या घरात खिडक्या लावत होते. सूर्य बुडायला आला होता. आणि शेजारच्या शेडमधून...

हॉर्न वाजला.

दोनदा.

त्या होल्डनचा हॉर्न मी ओळखते. जरा घोगरा होता. मला वाटलं, रेलीन गाडी घेऊन आली. मी बाहेर डोकावलेसुद्धा नाही, अशी धूळ होती. डोकावले असते तर काय दिसलं असतं, हा विचार मी करत नाही.

रेलीन थोड्या वेळाने चालत आली, कारण गाडी तिने वर्कशॉपमध्येच ठेवली होती. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीपाशी खुर्ची रिकामी होती.

नोला शेडमध्ये सापडली. रिकाम्या शेडमध्ये, मर्वच्या जुन्या स्टुलावर, भिंतीला टेकून बसलेली. पर्स मांडीवर. डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

रेलीनची किंकाळी ऐकून मी धावले. म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेडची फरशी लाल होती. भिंत लाल होती. स्टूल, हत्यारं, कोपऱ्यातली बादली, सगळ्यावर बोटभर धूळ.

नोलाचा स्वेटर पांढराशुभ्र होता.

एक कणही नव्हता त्यावर.

याला आता वर्षं झाली. रेलीन अजून त्याच घरात राहते, त्याच धंद्यात आहे. बाबांच्या होल्डनचं दार तिने रंगवलेलं नाही. तो करडा डाग तसाच आहे. हॉर्न वाजला की मी अजून दचकते, मग तो पोस्टमनच्या गाडीचा का असेना.

वाऱ्याच्या दिवसांत ती संध्याकाळी शेडमध्ये जाऊन बसते. गाडीवर धूळ साचत जाते आणि ती नुसती बघत राहते. एकदा मीच न राहवून म्हटलं, "अगं, निदान ओल्या फडक्याने पूस तरी."

"मी नाही पुसत," ती म्हणाली. "मी बघत असते, माझ्यासाठी कुणी पुसतंय का."

मी तिच्या शेजारी बसून राहिले, अंधार पडेपर्यंत.